रेने वोतिए : कॅमेरा कोणाच्या हाती?

दलित साहित्याने मराठीत एक प्रश्न कायमचा उभा करून ठेवला आहे : कोणाचे दुःख कोणी सांगायचे? सहानुभूतीने लिहिलेले आणि भोगून लिहिलेले यांत फरक काय, यावर आपल्याकडे परिसंवाद झाले, वाद झाले, काही माणसे एकमेकांना दुरावलीही. पण हा सारा वाद बहुतांशी लेखणीपुरता राहिला. लेखणी स्वस्त असते. पाठकोऱ्या कागदावरही कविता लिहिता येते आणि आपल्या अनेक कवींनी ती तशीच लिहिली. चित्रपटाचे तसे नव्हते. कॅमेरा महाग, फिल्म महाग, ती धुऊन देणारी प्रयोगशाळा दुसऱ्याची, दाखवायचे सभागृह तिसऱ्याचे आणि दाखवू द्यायचे की नाही हे ठरवणारे सरकार सगळ्यांच्या वर. पायरीपायरीवर कोणीतरी दार अडवून बसलेला. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण चित्रपटाइतकी दुसऱ्या कोणत्याच माध्यमाला लागू पडली नसेल.

ही दारे आयुष्यभर ठोठावणाऱ्या, काही फोडणाऱ्या आणि काहींवर डोके आपटून घेणाऱ्या एका फ्रेंच माणसाविषयी मला लिहायचे आहे. त्याचे नाव रेने वोतिए. गोदार, त्रुफो ही नावे आपल्या फिल्म सोसायट्यांतून फिरली. वोतिएचे नाव मात्र फारसे पोचले नाही. परदेशी माणसाचे गुणगान करण्यासाठी हा लेख नाही. जो शोषकांच्या देशात, शोषकांच्या कातडीत जन्मला आणि शोषितांच्या बाजूला गेला, त्याने तिथे नेमके काय करायचे असते, हा प्रश्न वोतिएच्या आयुष्यातून स्पष्ट दिसतो. त्या प्रश्नासाठी हा लेख आहे.

वोतिएचा जन्म १५ जानेवारी १९२८ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या कामारे या बंदरगावी झाला. वडील कारखान्यात कामगार, आई शाळेत शिक्षिका. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी फ्रान्स व्यापला तेव्हा, १९४३ साली, पंधराव्या वर्षी तो प्रतिकार चळवळीत गेला. सोळाव्या वर्षी त्याला युद्धातल्या शौर्याचे पदक मिळाले. पण हाती शस्त्र धरण्याचा अनुभव त्याला मानवला नाही. लढायचे तर बंदुकीशिवाय लढायचे, असे ठरवून तो पॅरिसमधल्या ‘इदेक’ या चित्रपट-शिक्षणसंस्थेत दाखल झाला आणि १९४८ साली तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. ज्या राज्यसत्तेने त्याच्या छातीवर पदक लावले, त्याच राज्यसत्तेने पुढे काही वर्षांतच त्याला तुरुंगात टाकले. ते का, हे पाहण्यासाठी आफ्रिकेत जावे लागेल.

शाळेसाठी मागवलेला चित्रपट

फ्रान्समध्ये १८६६ साली स्थापन झालेली लोकशिक्षणाची एक मोठी संस्था आहे, शिक्षण लीग. या संस्थेने १९४९ साली एकवीस वर्षांच्या वोतिएवर एक काम सोपवले. पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत जायचे आणि तिथल्या खेड्यांतले जीवन, फ्रान्सने तिथे चालवलेले शिक्षणाचे कार्य, यांवर फ्रेंच शाळकरी मुलांना दाखवण्यासाठी चित्रपट करायचा. हेतू वाईट नव्हता. संस्था पुरोगामी, निधर्मी, शिक्षकांची.

या प्रकारचे चित्र आपल्या ओळखीचे आहे. एका हाताने पाटीपुस्तक पुढे केलेले, दुसऱ्या बाजूला घेणारे पोर, आणि देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे समाधान. माझ्यासारखे जे घरातले पहिले पदवीधर आहेत त्यांनी असे चित्र कधी ना कधी आतून पाहिलेले असते. म्हणजे त्यातले घेणारे पोर होऊन पाहिलेले असते. त्या चित्रात काय दिसते यापेक्षा काय वगळले जाते हे महत्त्वाचे. पोराचा बाप कुठे राबतो, त्याला काय मिळते आणि शाळा गावात इतक्या उशिरा का आली, हे चौकटीच्या बाहेर राहते.

वोतिएने कॅमेरा त्या चौकटीबाहेर वळवला. आजचे कोत दिव्वार, माली, बुर्किना फासो या भागांत फिरताना त्याला जे दिसले ते शाळाखात्याच्या कार्यक्रमात बसणारे नव्हते. फ्रेंच वसाहतींतली वेठबिगार १९४६ च्या कायद्याने रद्द झाली होती. प्रत्यक्षात माणसे तशीच जुंपलेली होती. नायजर नदीवरच्या मार्काला धरणाचे दरवाजे मजुरांच्या रांगा हातांनी फिरवून उघडत-मिटत होत्या, कारण यंत्रापेक्षा काळा माणूस स्वस्त पडत होता. कर भरता आला नाही म्हणून पालाका नावाच्या गावावर सैनिक चालून गेले. गाव जळले, गावचा प्रमुख मारला गेला, तान्हे मूल मारले गेले. वोतिएने जळक्या भिंती आणि गोळ्यांच्या खुणा चित्रित केल्या. आणि या सगळ्याच्या शेजारी त्याने मोठ्या व्यापारी कंपन्यांची नावे ठेवली, त्यांचे नफे ठेवले.

इथे कायदा आडवा आला. पिएर लाव्हाल वसाहतमंत्री असताना, १९३४ साली, एक हुकूम निघाला होता. फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत गव्हर्नरच्या परवानगीशिवाय कोणालाही चित्रीकरण करता येणार नाही. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की हाच लाव्हाल पुढे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या सरकारचा प्रमुख झाला आणि १९४५ साली देशद्रोही म्हणून गोळ्या घालून मारला गेला. माणूस देशद्रोही ठरला, त्याचा हुकूम मात्र देशाचा कायदा म्हणून शाबूत राहिला. आणि जर्मनांविरुद्ध लढलेल्या मुलावरच तो चालवला गेला.

पोलिसांनी चित्रीकरणाची रिळे जप्त केली. पन्नासएक रिळांपैकी सतरा वोतिएला कशीबशी परत मिळवता आली. त्या सतरा रिळांतून त्याने ‘आफ्रिका ५०’ हा वीस मिनिटांच्या आतबाहेरचा चित्रपट उभा केला. फ्रान्समधला हा पहिला वसाहतवादविरोधी चित्रपट मानला जातो. वोतिएवर तेरा आरोप ठेवले गेले आणि त्याला एक वर्षाची कैद झाली. चित्रपटावर चाळीस वर्षांहून अधिक काळ बंदी राहिली. कामगार संघटना, युवक मंडळे, विद्यार्थी यांनी तो चोरून दाखवला. शेवटी १९९० च्या दशकात फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यानेच त्याची एक प्रत वोतिएच्या हाती दिली. ज्या वसाहतींचे वास्तव लपवायचे होते, त्या वसाहती १९६० सालीच स्वतंत्र झाल्या होत्या.

एक आवाज, तोही गोरा

‘आफ्रिका ५०’ मी विद्यार्थ्यांना दाखवतो आणि वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगतो. मुले बराच वेळ गप्प असतात. मग एखादी मुलगी हमखास विचारते, “सर, यात ती माणसे स्वतः का बोलत नाहीत?”

प्रश्न अचूक आहे. चित्रपटात आरंभापासून अखेरपर्यंत एकच आवाज आहे, तो वोतिएचा. तो आवाज संतापलेला आहे, घाईत आहे, प्रामाणिक आहे. पण तो गोऱ्या माणसाचा आहे. मच्छीमार, विणकर, बायका, मुले दिसतात. नाचतात, राबतात, शेवटी मोर्चाने चालतात. बोलत मात्र नाहीत. याला तांत्रिक कारण आहे. त्या काळच्या हलक्या कॅमेऱ्याबरोबर जागेवरचा आवाज टिपणे अवघड होते, शिवाय पोलीस मागावर होते. हे कारण खरे आहे आणि पुरेसे नाही. साधन नाही म्हणून मुके राहणे आणि साधन दुसऱ्याच्या हाती आहे म्हणून मुके राहणे, यांतले अंतर फार नसते. बाबासाहेबांनी १९२० साली आपल्या पहिल्या पाक्षिकाला ‘मूकनायक’ हे नाव दिले, त्यामागे हीच जाण होती.

तेव्हा ‘आफ्रिका ५०’ हा सहानुभूतीचा चित्रपट आहे, अतिशय धाडसी सहानुभूतीचा, असे म्हटले पाहिजे. वोतिए इथेच थांबला असता तर त्याच्यावर एक गौरवलेख पुरला असता. तो थांबला नाही, म्हणून त्याचा अभ्यास करायचा.

झिजून संपलेला चित्रपट

आफ्रिकेच्या प्रकरणी पोलीस शोधत असतानाच, १९५० च्या एप्रिलमध्ये, तो आपल्या मुलखातल्या ब्रेस्त शहरी आला. महायुद्धात हे शहर बेचिराख झाले होते. ते पुन्हा बांधणारे मजूर पगारासाठी संपावर गेले होते. १७ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि एदुआर माझे नावाचा बांधकाम मजूर ठार झाला. कामगार संघटनेने वोतिएला बोलावून घेतले. त्याने जे चित्रित केले त्याचा ‘एक माणूस मेला’ हा छोटा चित्रपट झाला. प्रत एकच. ती गाडीतून संपकऱ्यांपुढे, कारखान्यांच्या दारांत, रस्त्याच्या कामांवर दाखवली जाई. फितीवर आवाज नव्हता. पडद्याशेजारी उभे राहून बोलावे लागे. बोलून बोलून वोतिएचा घसा बसला तेव्हा एका मजुराने ते निवेदन आपल्या शब्दांत सांगायला घेतले, असे सांगतात. दाखवून दाखवून ती एकुलती प्रत फाटली, झिजली, संपली. आज तो चित्रपट अस्तित्वात नाही. त्याची आठवण तेवढी उरली, आणि २००६ साली क्रिस व एतिएन दाव्होदो यांनी त्यावर चित्रकथा काढली.

चित्रपटाच्या इतिहासात अशा चित्रपटाची नोंद कशी करायची? कलावंत म्हणतील, कृती नष्ट झाली. आपल्या जलशांचे काय झाले? गावोगाव, माळावर, चावडीपुढे गायिलेले किती शब्द छापले गेले? ते नष्ट झाले म्हणायचे की ज्यांच्यासाठी होते त्यांच्यात खर्ची पडले म्हणायचे? ब्रेस्तच्या त्या चित्रपटाकडे पाहिले की मला जलसा आठवतो. आणि त्या मजुराने निवेदन आपल्या तोंडी घेतले, ही त्या चित्रपटाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. ‘आफ्रिका ५०’ मध्ये जे घडले नव्हते ते इथे योगायोगाने का होईना घडले. आवाजाचा मालक बदलला.

डोंगरातली शाळा

अल्जेरिया १८३० पासून फ्रान्सच्या ताब्यात होता. १ नोव्हेंबर १९५४ रोजी तिथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. त्याच वर्षी वोतिएने अल्जेरिया हे स्वतंत्र राष्ट्र आहे असे सांगणारा लघुपट केला आणि राज्याच्या सुरक्षिततेला धोका निर्माण केल्याबद्दल त्याच्यावर कारवाई सुरू झाली. त्यानंतर तो थेट पलीकडे गेला, ट्युनिशियाच्या सीमेवरून अल्जेरियन मुक्तिसैनिकांच्या तळांवर. त्यांच्यासोबत राहून चित्रीकरण करताना तो जखमी झाला. कॅमेऱ्याचा एक तुकडा त्याच्या कवटीत रुतला आणि तिथेच राहिला. या चित्रीकरणातून ‘जळता अल्जेरिया’ हा चित्रपट १९५८ साली पूर्व जर्मनीत तयार झाला.

पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते १९५७ सालचे एक छोटे काम. तेबेसाच्या भागात, युद्ध चालू असताना, मुक्तिसैनिकांतल्या तरुणांसाठी चित्रीकरणाची शाळा सुरू झाली. शिक्षक वोतिए, विद्यार्थी पाचएक. चित्रीकरण कसे करायचे, फिल्म कशी जपायची, हे शिकून ही मुले लढाईत गेली आणि त्यांतली बहुतेक मारली गेली. पदवीदान समारंभ झाला नाही. अल्जेरियाच्या चित्रपटाचा इतिहास मात्र या शाळेपासून सुरू होतो.

ज्यांच्यासाठी त्याने हे केले त्यांनीही त्याला सहज स्वीकारले असे नाही. संशयावरून अल्जेरियन मुक्तिआघाडीनेच त्याला ट्युनिशियात सुमारे दोन वर्षे कैदेत ठेवले. दोन्ही बाजूंचे तुरुंग पाहिलेला हा माणूस १९६२ साली अल्जेरिया स्वतंत्र झाल्यावर कुरकुर न करता तिथे कामाला लागला. बाजू घेणे म्हणजे त्या बाजूकडून शाबासकी मिळवणे, असा त्याचा हिशेब दिसत नाही. आपल्या चळवळीत ‘एवढे केले तरी आमच्यावर विश्वास नाही’ असे म्हणत रुसून बसणारे पुरोगामी मित्र अधूनमधून भेटतात, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवली.

स्वतंत्र अल्जेरियात त्याने १९६२ ते १९६५ या काळात अल्जिअर्सच्या दृक्श्राव्य केंद्राची धुरा सांभाळली. तिथे अल्जेरियन तरुणांना शिकवले आणि त्यांच्यासोबत ‘चालता जनसमूह’ हा चित्रपट १९६३ साली केला. या गटातला अहमद राशेदी पुढे अल्जेरियाच्या प्रमुख दिग्दर्शकांत गणला गेला; वसाहतवादाविरुद्धच्या आफ्रिकी लढ्यांवरचा त्याचा चित्रपट १९६५ सालचा आहे. शिकवण्याबरोबरच लोकांपर्यंत चित्रपट नेण्याचे काम झाले. फिरत्या गाड्यांमधून खेड्यांत चित्रपट दाखवायचे आणि नंतर लोकांना बोलते करायचे. बहुसंख्य जनता निरक्षर ठेवली गेलेल्या देशात हे प्रौढशिक्षणच होते.

शिक्षकाचे मोजमाप कशाने करायचे? त्याने किती बोलून दाखवले यावर नव्हे. तो वर्गातून बाहेर पडल्यावर विद्यार्थ्याच्या हातात काय उरते यावर. वोतिए अल्जेरियातून परतला तेव्हा मागे कॅमेरे चालवणारे अल्जेरियन हात उरले होते. आता अल्जेरियाची गोष्ट सांगायला त्याची गरज नव्हती, आणि हेच त्याच्या शिकवण्याचे यश होते.

आपल्या घराविरुद्ध साक्ष

मग त्याच्यासाठी सांगायचे काय उरले? इथे वोतिएच्या कारकिर्दीतले मला सर्वांत बोधप्रद वाटणारे वळण येते. अल्जेरियन माणसाचे दुःख सांगण्याचे काम अल्जेरियन माणसाकडे गेल्यावर त्याने कॅमेरा फ्रेंच माणसाकडे वळवला. ज्यांनी अत्याचार सोसले त्यांच्याकडून ज्यांनी ते केले त्यांच्याकडे.

अल्जेरियाच्या युद्धात सक्तीच्या लष्करी सेवेखाली दहा लाखांहून अधिक फ्रेंच तरुण पाठवले गेले होते. परत आलेले बोलत नव्हते. माफीच्या कायद्यांनी छळ करणाऱ्यांवर खटले भरण्याची वाट बंद केली होती. सरकारी भाषेत तिथे युद्ध झालेच नव्हते. केवळ ‘सुव्यवस्था राखण्याची कारवाई’ झाली होती. फ्रेंच कायद्याने तिला ‘युद्ध’ म्हणायला १९९९ साल उजाडावे लागले. अशा काळात वोतिए आणि त्याचे सहकारी ब्रिटनीतल्या माजी सैनिकांकडे जाऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करीत होते. शेकडो साक्षी जमल्या. त्यांच्या आधाराने त्याने ‘ऑरेसमध्ये वीस वर्षांचे असणे’ हा कथापट १९७२ साली केला. त्या वर्षी कान महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले.

कथा साधी आहे. ब्रिटनीतल्या काही तरुणांचा युद्धाला विरोध असतो. त्यांना शिक्षा म्हणून एका तुकडीत डांबतात आणि एका हुशार अधिकाऱ्याच्या हाती देतात. तो त्यांना मारत-झोडत नाही. तो त्यांच्याशी बरोबरीने वागतो, त्यांच्यासोबत खातो-पितो, धोक्यात पुढे राहतो. हळूहळू ही विरोधक पोरे माणसांची शिकार करणारी टोळी बनतात. त्यांतला नोएल हा एकटा ते पत्करत नाही. ठार मारायच्या अल्जेरियन कैद्याला घेऊन तो पळून जातो. चांगली माणसे वाईट व्यवस्थेत वाईट कशी होतात, हे इथे भाषण न देता दिसते. व्यवस्था दरवेळी चाबूक घेऊन येत नाही. पुष्कळदा ती दोस्ती घेऊन येते. आपापल्या आळीत सज्जन म्हणून नावाजलेली माणसे बहिष्काराच्या वेळी एका रांगेत कशी उभी राहतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही कथा दूरची वाटणार नाही.

वोतिएने या चित्रपटासाठी पाळलेला एक नियम आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. चित्रपटातल्या प्रत्येक प्रसंगाला किमान पाच साक्षीदार हवेत. पाच जणांनी सांगितलेले नसेल तर प्रसंग कितीही परिणामकारक असो, घ्यायचा नाही. त्याला प्रचारक म्हणणारे पुष्कळ होते आणि आपण एका बाजूचे आहोत हे त्याने कधी लपवले नाही. पण बाजू घेणे आणि पुरावा सैल सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या मागे सत्ता असते त्याचे खोटेही खपते. ज्याच्या मागे सत्ता नसते त्याच्या खऱ्यातली एक चूकही सगळे खरे बुडवायला पुरते. म्हणून दुबळ्या बाजूने पुराव्याच्या बाबतीत अधिक कठोर असावे लागते.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येता येईल. सवर्ण समाजातून आलेला आणि मनापासून समतावादी असलेला लेखक-कलावंत दलितांच्या दुःखावर लिहितो. लिहू नये असे मी म्हणत नाही. पण वस्तीतला अंधार त्याला दिसतो तितके स्वतःचे घर का दिसत नाही? जात वस्तीत भोगली जाते, घडवली जाते ती मात्र दुसरीकडे. मुलीचे लग्न जुळवताना, घर भाड्याने देताना, नेमणुकीच्या मुलाखतीनंतर दार लावून झालेल्या बोलण्यात. तिथे तो हजर असतो आणि तिथे आपण नसतो. त्या दाराआडची साक्ष त्याच्याशिवाय कोण देणार? वोतिएच्या आयुष्यातून मित्राची दोन कामे निघतात. एक, साधन ज्याचे दुःख त्याच्या हाती द्यायचे. दोन, आपल्या घराविरुद्ध आपण साक्ष द्यायची. दुसऱ्याच्या दुःखाचे वकीलपत्र घेण्यापेक्षा ही दोन्ही कामे अवघड आहेत आणि त्यांत टाळ्या कमी पडतात.

एकतीस दिवस

चित्रपट करणे एक, दाखवता येणे दुसरे. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमध्ये, फक्त अल्जेरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध अल्जेरियन कुटुंबे शांतपणे रस्त्यावर आली. पोलिसांनी त्यांना झोडपले, गोळ्या घातल्या, काहींना सीन नदीत फेकले. सरकारने सुरुवातीला दोन-तीन मृत्यू मान्य केले. पुढे काही इतिहासकारांनी हा आकडा शंभराच्या वर नेला. जाक पानिजेल या शास्त्रज्ञाने ‘पॅरिसमधला ऑक्टोबर’ हा त्यावरचा चित्रपट १९६२ साली केला. त्याला परवानगी मिळाली नाही, आणि दहा वर्षे उलटली तरी मिळत नव्हती.

चित्रपट वोतिएचा नव्हता. तरीही त्याला परवानगी मिळावी आणि राजकीय कारणांवरून चित्रपट अडवणे थांबावे म्हणून वोतिएने १ जानेवारी १९७३ पासून उपोषण सुरू केले. आलँ रेनेसारखे नामवंत दिग्दर्शक पाठिंब्याला उभे राहिले. एकतीस दिवसांनी उपोषण सुटले. पानिजेलच्या चित्रपटाला परवानगी मिळाली आणि राजकीय सेन्सॉरचा हात सैल पडला. तो चित्रपट सर्वसाधारण चित्रपटगृहांत लागायला मात्र २०११ उजाडले. स्वतःची कलाकृती अडली म्हणून ओरडणारे कलावंत पुष्कळ. दुसऱ्याच्या कलाकृतीसाठी उपाशी बसणारे विरळा.

या काळात त्याने ब्रिटनीत चित्रपटनिर्मितीचे एक केंद्र उभारले होते. पॅरिसच्या भांडवलाकडे न पाहता, प्रांतातल्या माणसांबरोबर चित्रपट करायचे. निकोल ल गारेक हिच्यासह १९७५ साली त्याने कारखाना ताब्यात घेणाऱ्या कामगारांवर चित्रपट केला. सोआझिग शापदलेन हिच्यासह १९७७ साली केलेल्या चित्रपटात संपकरी कामगारांच्या बायका आहेत. त्या व्यवस्थापकाच्या कचेरीत घुसल्या म्हणून त्यांच्यापैकी बारा जणींवर खटला भरला गेला होता. पडद्यावर त्या स्वतः बोलतात. संपाबद्दल बोलता बोलता घराबद्दल, नवऱ्याबद्दल, स्वतःच्या राबण्याबद्दल बोलू लागतात. ‘आफ्रिका ५०’ मधला एकटा आवाज इथपर्यंत आल्यावर पुष्कळसा गप्प झाला आहे, ऐकू लागला आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरचा त्याचा चित्रपट याच काळातला, १९७६ चा.

फिती कोण सांभाळणार?

१९८० च्या दशकाच्या मध्यात अनोळखी लोकांनी वोतिएच्या साठवणीच्या जागेत घुसून त्याच्या फिती कापून, नासवून टाकल्या. आयुष्यभराचे चित्रीकरण, त्यात छळाविषयीच्या साक्षी, एका झटक्यात मातीमोल झाले. सरकारने जप्त केलेले, दाखवून झिजलेले आणि हल्लेखोरांनी नासवलेले वगळून जे उरते ते आज वोतिएचे काम म्हणून आपल्यापुढे आहे. ४ जानेवारी २०१५ रोजी ब्रिटनीतच त्याचे निधन झाले.

आज परिस्थिती बदलली असे म्हणता येईल. कॅमेरा आता खिशात आहे. गावातल्या अत्याचाराचे चित्रण गावातलाच मुलगा करतो, त्याला गव्हर्नरची परवानगी लागत नाही. पहिले दार उघडले, हे खरे. बाकीची दारे आहेत तिथेच आहेत. चित्रण कधीचे, कुठले, कोणी केले, त्याला दुजोरा देणारे पाच जण कोण, हे लिहून ठेवतो कोण? दोन दिवस हातोहात फिरून ते नाहीसे झाले तर न्यायालयात दहा वर्षांनी काय दाखवणार? ज्या कंपनीच्या यंत्रावर ते साठले आहे तिने उद्या पुसून टाकले तर? वोतिएची फिल्म जप्त करायला पोलीस यावे लागले. आपले चित्रण आपल्याच निष्काळजीपणाने जाते.

म्हणून विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. प्रत्येक तालुक्यात चळवळीचे निदान एक कपाट असावे. त्यात मोर्च्यांची, परिषदांची, अत्याचाराच्या प्रकरणांची चित्रणे, छायाचित्रे, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांची आणि जलसाकारांची ध्वनिमुद्रणे तारीख, ठिकाण आणि साक्षीदारांच्या सहीसह ठेवावीत. एक प्रत कपाटात, दुसरी दुसऱ्या गावी. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला हे काम शिकवावे, आणि शिकवणाऱ्याने ते शिकवून बाजूला व्हावे. तेबेसाच्या डोंगरात पाच मुलांना घेऊन बसलेल्या त्या शिक्षकाकडे आपल्यापेक्षा अधिक साधने नव्हती.